पहिल्या पाचांत कोण?

मीरा रोडच्या आमच्या पोरांच्या बास्केटबॉल संघात फॉरवर्डची एकच जागा उरली होती आणि दावेदार दोन. एक माझा भाचा. सामन्याला 14 गुण हमखास करायचा; पण त्याच्यासमोरचा गडी 18 करून जायचा. दुसरा एक अबोल पोरगा. स्वतःचे गुण जेमतेम 4, पण समोरच्याला 6 च्या पुढे जाऊ देत नसे. म्हणजे भाच्यामुळे 4 गुणांचा तोटा, या पोरामुळे 2 चा. टाळ्या मात्र भाच्यालाच.

माझं बालपण नागपाड्यातलं, अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसीर यांच्या मोहल्ल्यातलं. तिथे बास्केटचीच चर्चा व्हायची. पण मला शिकागो बुल्सचा डेनिस रॉडमन आठवला. 1995-96 मध्ये सामन्याला सरासरी 5.5 गुण, रिबाउंड मात्र 14.9; संघाने 82 पैकी 72 सामने जिंकले, अजिंक्यपदही. अर्थात गुणांसाठी त्यांच्याकडे जॉर्डन होता. आमचेही दोन्ही गार्ड गुण करतात; गळती होती ती बचावात.

मी अबोल पोराचं नाव लिहिलं. भाच्याला म्हटलं, "समोरचे दमले की तू उतर." आपा दोन जुम्मे माझ्याशी बोलली नाही.

परवा भाचा सरावाला लवकर आला. त्या पोरासमोर उभा राहून पाय कसे सरकवायचे ते शिकत होता.