तिकिटावरचे अक्षर

विमानात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांची आसने सारखीच असतात. करार मात्र निराळे. तो करार तिकिटावरील एका रोमन अक्षरात दडलेला असतो. ‘वाय’ हे बहुधा पूर्ण भाड्याचे, फेरबदलास मोकळे. सवलतीच्या अक्षरांना अटींचे कुंपण.

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघालेल्या आईला तारीख अलीकडे आणावी लागली, की केवळ बदलशुल्क भरून भागत नाही. नव्या दिवसाच्या भाड्यातील फरकही द्यावा लागतो, आणि तो पुष्कळदा शुल्काहून जड असतो. मुदतठेव मोडताना दंडाचा दर आधीच ठाऊक असतो. येथे सारे त्या दिवशी स्वस्त अक्षरातली जागा उरली आहे की नाही, यावर!

मैलांचा हिशेब याहून गहन. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नित्याच्या प्रवाशांसाठी अशी योजना आणली. पुढे इतर कंपन्यांनीही ती वाट धरली. खात्यावर लाखभर मैल असले, तरी सर्वांत स्वस्त अक्षराचे तिकीट वरच्या वर्गात नेण्यास बहुधा अपात्रच ठरते. पात्र असले, तरी त्या वर्गात मैलांसाठी राखलेले आसन शिल्लक हवे. तेव्हा एजंटाला भाडे विचारताना अक्षरही विचारावे. तो चकित झाला तरी चालेल.