दोन नावांमधली तिरपी रेघ

लोकप्रिय कलाकृतीचा आस्वादक जे दिले जाते तेवढेच स्वीकारतो, असा एक समज समीक्षाव्यवहारात दीर्घकाळ रूढ होता. या समजाला छेद देणारी एक घटना अमेरिकेत घडली. 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. परंतु तिच्या चाहत्यांनी, त्यातही विशेषतः स्त्रियांनी, ती संपू दिली नाही. 'स्पॉकेनेलिया' हे चाहत्यांचे सायक्लोस्टाईल अनियतकालिक १९६७ मध्येच निघाले होते. अशा अंकांतून मालिकेतील पात्रांच्या नव्या कथा लिहिल्या जात आणि टपालाने घरोघरी पोहोचत. १९७४ मध्ये 'ग्रप' या अनियतकालिकात एक लहानशी कथा आली. तिच्यातील दोन प्रेमिकांची नावे दिलेली नव्हती. मात्र ते यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक आहेत, हे जाणत्या वाचकांनी ओळखले. पुढे अशा कथांचा एक प्रवाहच निर्माण झाला. दोन पुरुषांच्या नावांमध्ये जी तिरपी रेघ दिली जाई, तिच्या इंग्रजी नावावरून या प्रकाराला 'स्लॅश' म्हणू लागले.

या कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच होत्या. त्यांपैकी अनेकजणी टोपणनावाने लिहीत. अंक मागवताना वय सज्ञान असल्याचे लिहून द्यावे लागे. घरच्यांपासून किंवा कामाच्या ठिकाणी हे वाचन लपवले जाई. रूढ प्रणयकथा दुकानोदुकानी उघडपणे मिळत असताना, ज्या कथेत आपल्यासारखी एकही स्त्री नाही अशी कथा एखाद्या स्त्रीने एवढ्या सायासाने मिळवून का वाचावी?

कामुक कुतूहल हे याचे सोपे उत्तर आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. या कथांची पाने शय्येपेक्षा शुश्रूषेने अधिक व्यापलेली असतात. एकजण जखमी होतो, दुसरा त्याच्या उशाशी जागतो. न बोललेले काही बोलले जाण्याची वाट दोघेही पाहत राहतात. केवळ उद्दीपन हवे असते, तर एवढा विलंब वाचकाने सोसला नसता.

उत्तराचा एक भाग त्या काळच्या रूढ प्रणयकथेतच सापडतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी अफाट खपली. तिचा नायक आरंभीच नायिकेवर बळजबरी करतो आणि अखेरीस तिचा प्रेमळ पती ठरतो. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या आपल्या अभ्यासात प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून दाखवून दिले की, या वाचकांना खरी ओढ आहे ती मायेची, कुणीतरी आपली काळजी घेण्याची. मात्र त्या मायेपर्यंत पोहोचण्यासाठी पुरुषाच्या कठोरपणाचा अर्थ 'हे प्रेमच होते' असा लावून घ्यावा लागतो. स्लॅशच्या वाचक स्त्रीलाही हीच माया हवी असते. फक्त हा अर्थ लावण्याचे श्रम तिला नको असतात.

मूळ मालिकेने तिच्यासमोर दुसरा पर्यायही फारसा ठेवला नव्हता. कर्कच्या आयुष्यात स्त्रिया येतात आणि बहुधा त्याच भागात नाहीशा होतात. १९६७ च्या एका भागात एडिथ कीलरला अपघातातून वाचवू पाहणाऱ्या सहकाऱ्याला कर्कच अडवतो, कारण इतिहासाला तिचा मृत्यू हवा असतो. १९६८ मध्ये त्याची गर्भवती पत्नी मिरामनी मरते. १९६९ च्या एका भागाच्या शेवटी, प्रिय स्त्रीच्या वियोगाने खचलेल्या कर्कच्या मनातून ती आठवण पुसण्याचे काम स्पॉक करतो. स्त्रिया येतात नि जातात. उरतो तो स्पॉक. ७९ भागांत ज्याला सुरुवात, वाढ आणि कसोटी आहे असा दीर्घ भावबंध शोधणाऱ्या वाचकाला हाच भावबंध प्रथम दिसावा, हे स्वाभाविक होते.

याहून बोलका आहे तो मालिकेच्या जन्माचा इतिहास. १९६४ मध्ये चित्रित झालेल्या पहिल्या नमुना-भागात यानाची उपकप्तान एक स्त्री होती: शांत, तर्कनिष्ठ, भावना न दाखवणारी. त्या भागातील स्पॉक मात्र मोकळेपणी हसताना दिसतो. वाहिनीने तो भाग नाकारला. नव्या मांडणीत उपकप्तान स्त्री उरली नाही आणि तिची तर्कनिष्ठ शीतलता स्पॉकला देण्यात आली. कप्तानाच्या शेजारी, त्याच्या तोडीची म्हणून उभी राहू शकली असती अशी स्त्री संहितेतूनच वगळली गेली होती. तिच्या जागी जो उभा होता, त्याच्यात वाचक स्त्रियांनी स्वतःला पाहिले असेल, तर त्यात नवल ते काय?

आनंदवर्धनाच्या परिभाषेत असेही म्हणता येईल की, रूढ प्रणयकथा वाच्यार्थाच्या पातळीवर चालते, तर स्लॅश ध्वनीवर. नायक-नायिका पहिल्याच पानावर भेटले की शेवट ठरून जातो. कर्क आणि स्पॉक यांच्याबाबतीत काहीच ठरलेले नसते. १९८२ च्या चित्रपटात मरणासन्न स्पॉक आणि कर्क यांच्यामध्ये काचेची भिंत आहे आणि दोघांचे तळवे त्या काचेवर टेकलेले आहेत. हे सख्य की प्रणय, हे चित्रपट सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार वाचक आपल्याकडे घेतो.

विज्ञानकथालेखिका जोआना रस यांनी १९८५ मध्ये, तर लॅम्ब आणि व्हीथ या दोन अभ्यासिकांनी १९८६ मध्ये या कथांतील समानतेकडे लक्ष वेधले. येथे दोघेही कर्तृत्ववान आहेत, दोघेही हळवे आहेत. कोणी कोणासाठी काम सोडून घरी बसत नाही. मराठी वाचकाला गौळणी आणि विरहिणी यांमधून पुरुष कवीने घेतलेला स्त्रीचा आवाज परिचित आहे. स्लॅशमध्ये ही दिशा उलटते. संतकवी स्त्रीचा आवाज घेतो तो परमेश्वरापुढे शरण जाण्यासाठी. ही लेखिका पुरुषदेहाचा आश्रय घेते तो प्रिय व्यक्तीसमोर समान उंचीवर उभे राहण्यासाठी.

मात्र या मुक्तीची किंमत नजरेआड करता येत नाही. समानतेची कल्पना करण्यासाठी स्त्रीला स्वतःचा देहच कथेबाहेर ठेवावा लागत असेल, तर तो विजय अर्धाच आहे. शिवाय, सुरुवातीच्या अनेक कथांतील नायक 'आम्ही समलिंगी नाही, आमचे केवळ एकमेकांवर प्रेम आहे' अशी ग्वाही देत. ज्या समलिंगी पुरुषांना याच काळात अमेरिकेत रस्त्यावर आणि न्यायालयात आपल्या प्रेमासाठी झगडावे लागत होते, त्यांचे जीवन अशा कथांनी उसने घेतले आणि त्यांचे नाव मात्र टाळले. पुढच्या पिढीतील चाहत्यांनी हा आक्षेप स्वतःच उपस्थित केला, हे त्यांच्या जागरूकतेचे लक्षण मानावे लागेल. त्यांच्यात समलिंगी वाचकही होते; त्यांच्यासाठी हा उसना देह नव्हता, तर छापील पानावर दुर्मिळपणे भेटणारे आपलेच प्रतिबिंब होते.

स्लॅशची आवड ही स्त्रीद्वेषातून आलेली विकृती आहे, असे म्हणणाऱ्यांना म्हणूनच एवढेच सांगता येईल की, या कथांतून स्त्रीला वाचकांनी घालवलेले नाही. ती आधीच घालवली गेली होती: कधी नमुना-भागातून, कधी एखाद्या अपघातात, कधी पुसलेल्या आठवणीत. 'तुमच्या कथेत स्त्री का नाही?' हा प्रश्न त्या वाचक स्त्रियांना विचारण्यापूर्वी, 'तुमच्या कथेतील स्त्री समान का नाही?' हा प्रश्न रूढ प्रणयकथेला विचारला गेला पाहिजे.