बांधाबांध

हरिश्चंद्रगड पाहायचा हे मी साठी उलटल्यावर ठरवले, आणि त्याला कारण भूगोलाचे पुस्तक. तीसएक वर्षे मी वाशीच्या आसपासच्या शाळांतून चौथीच्या मुलांसाठी फळ्यावर सह्याद्रीची उभी रेघ काढली आणि तिच्यातून पूर्वेकडे फुटणाऱ्या तीन फांद्या दाखवल्या. वरची सातमाळा-अजिंठा, खालची शंभूमहादेव आणि मधली हरिश्चंद्र-बालाघाट. "या मधल्या फांदीवर आपण बसलो आहोत," असे म्हटले की पोरे हटकून खिडकीबाहेर बघत. बाहेर असे काय, तर कुसळाचा माळ, चारदोन बाभळी आणि लांबवर एक उतरण. डोंगर म्हणावा असे त्यात काही नसे. तरी या फांदीच्या उत्तर अंगाचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते आणि दक्षिण अंगाचे सीनेतून भीमेला, हे त्यांना तोंडपाठ होते. ज्या डोंगराच्या शेपटीवर आपले आयुष्य गेले त्याचे डोके तरी कसे असते, ते पाय चालत आहेत तोवर पाहून घ्यावे, इतकीच माझी इच्छा.

पुण्याचा पुतण्या आणि त्याचे मित्र 2025 च्या दिवाळीनंतर पाचनईच्या वाटेने गडावर जाणार होते. "काका, चला," म्हणाला, आणि मी हो म्हणताच त्याने फोनवर एक यादी पाठवली. आमच्या काळी प्रवासाची यादी म्हणजे वळकटी, तांब्या आणि फिरकीचा डबा. या यादीत सत्तावीस कलमे होती. बूट नवे असल्यास आठ दिवस आधीपासून घालून हिंडावे. सुती बनियन नको, कारण ते घाम पिऊन ओले राहते आणि वर थंडी वाजते. पाणी तीन लिटर. जड सामान पाठीच्या कण्याशी, खांद्याच्या उंचीला; अंथरूण तळाशी; वाटेत लागणारे सर्वांत वर. एकूण ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे. यादी करणाऱ्याचे कौतुक वाटले. प्रत्येक कलमामागे कुणीतरी कुठेतरी कुडकुडलेले असणार.

पण यादी ही घरात आली की एकट्याची राहत नाही. आमच्या मंडळींनी तिच्यात दशम्या घातल्या, धपाटे घातले, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, गूळ, आणि कडक भाकरीची चळत घातली. कडक भाकरीबद्दल माझी तक्रार नाही. पाण्याचा अंश उडून गेलेली ती भाकरी आठ-पंधरा दिवस टिकते आणि वजनाला पापडासारखी. सोलापूर-धाराशिवकडच्या माणसाला गिर्यारोहणाचा शिधा कुणी शिकवू नये! पण त्यावर शाल, दुसरी शाल, पोटाच्या गोळ्या, गुडघ्याचे तेल, पितळी फुलपात्र आणि एक छत्री. मी पिशवी उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात नेली आणि ज्वारीच्या काट्यावर ठेवली. पंधरा किलो. मी स्वतः अठ्ठावन्न. पाचवा हिस्सा काढायला फळा लागत नव्हता.

तेव्हा मला रामलिंगचा वाघ आठवला. 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात तो दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, जवळजवळ पाचशे किलोमीटर शेते, रस्ते, नद्या ओलांडून आलेला. आमच्या भागात वाघ म्हणजे आजोबांच्या गोष्टीतले जनावर. कित्येकांनी गुरे रानात सोडायचे बंद केले. मला भीतीपेक्षा नवल अधिक वाटले ते त्याच्या हात हलवत येण्याचे. पण वाघाची बरोबरी कुणी करावी? त्याला धपाटे लागत नाहीत.

पिशवी घेऊन परत येताना समोरच्या अंगणात दुसरी बांधाबांध चालली होती. आमच्या बालाघाटावर दिवाळी झाली की ही बांधाबांध गल्लोगल्ली दिसते. भाऊबीज उरकली, तेरखेड्याच्या फटाक्यांची कागदे अजून रस्त्यात उडत आहेत, तोच मुकादमाची माणसे फिरू लागतात. ज्यांनी उचल घेतली आहे त्यांनी निघायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. अशी हिशेबाची पद्धत आहे. माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. त्या वर्षी सप्टेंबरातल्या पुराने भूम-परंडा-वाशीकडची सोयाबीनची राने पाण्याखाली गेली होती, त्यामुळे एरवी न जाणारेही निघाले होते. समोरची मंडळी मात्र दरवर्षीची. त्या घरातली सून माहेरची इथलीच, माझ्या हाताखाली चौथी झालेली. पाचवीच्या दिवाळीत आईबापांबरोबर उसाला गेली ती शाळेत परतली नाही.

"गुरुजी, किती महिन्यानं येणार?" माझ्या पिशवीकडे बघून तिने विचारले.

"चार दिवसांनी."

ती हसली नाही, हे तिचे मोठेपण. तिच्यासमोर सहा महिन्यांचा संसार चार बोचक्यांत बसला होता. तवा, परात, काठवट, दोन जर्मनची पातेली, वाकळा, ज्वारीचे अर्धे पोते, तिखट-मीठ, कोपीवर टाकायची ताडपत्री, आणि गोणपाटात गुंडाळून दोरीने आवळलेले कोयते. कऱ्हाडच्या बाजूला जायचे होते.

"वर पाणी हाय का?"

"आहे. देवळापाशी खडकातली टाकी आहेत."

"अन् माणसं?"

"पाचनईची माणसे वर पिठलं-भाकरी करून देतात म्हणे."

"मग एवढं कशापायी? वाटंपुरतं घ्या. आमी तवा नेतो, चुलीचे दगड न्हेत न्हाई. दगड तिथं असत्यात."

एवढे बोलून तिने विचारल्यावाचून माझी पिशवी ओसरीवर पालथी केली. छत्री बाजूला गेली, फुलपात्र गेले, दुसरी शाल गेली, धपाट्यांची चळत अर्ध्यावर आली. मग जे राहिले ते तिने एकेक करून आत बसवले, आणि मी बघत राहिलो. कारण अंथरूण तळाशी गेले, डबा पाठीच्या बाजूला आला आणि कानटोपी सर्वांत वर. यादी तिने पाहिली नव्हती. "वझं पाठीला चिकटून पायजे, लोंबलं की कंबर मोडतंय," ती म्हणाली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला तोल शिकवायला पुण्याहून कुणी यायची गरज नव्हती. पट्टा ओढून झाल्यावर तिने विचारले, "गुरुजी, ह्यो गड म्हंजी आपल्याच डोंगराचा ना? मधली फांदी?"

पुन्हा काट्यावर ठेवली तेव्हा पिशवी साडेआठ किलो भरली.

तिची स्वतःची बांधाबांध मात्र एका ठिकाणी अडली होती. थोरली मुलगी सातवीत. धाकटे पोर दहा महिन्यांचे. मुलगी बरोबर आली तर फडात पोराला सांभाळील, पण शाळा गेली. ऊसतोड्यांच्या मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण इथे आजीला दिसत नव्हते, तेव्हा मुलगी गावात राहिली तर आजीला भाकरी करून घालणारीही तीच. आणि राहिली तर ते तान्हे? फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधायची आणि मोळी बांधता बांधता तिकडे नजर ठेवायची. मी गुरुजी असल्यामुळे मला वाटे, मत द्यावे. पण पाचट, कोल्हे आणि रात्री-बेरात्री येणारी वाहने यांतले मला काय ठाऊक! "तिचे गणित चांगले आहे," एवढेच मी म्हणालो.

"ठाव हाय," ती म्हणाली.

रात्री दहाला ट्रॅक्टर आला. आधी आत गेले ते ज्वारीचे पोते, मग वाकळा, मग कोंबड्यांची पाटी. मुलीचे दोन परकर तिसऱ्या बोचक्यात होते, हे मी दुपारी पाहिले होते. चौथे बोचके वर चढवायला नवऱ्याने हात घातला तेव्हा ती म्हणाली, "थांबा," आणि तिने त्याच्या आधीचे तिसरे पुन्हा खाली उतरवून सोडले. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तिने परकर काढून उंबऱ्यावर ठेवले, घरात जाऊन एक जुने लुगडे आणि सुंभाची दोरी आणली, ती आत कोंबली आणि गाठ मारली. मुलगी काही बोलली नाही. तिने परकर उचलले आणि भावाचा पापा घेतला.

मला पहाटेची पुण्याची एस्टी धरायची होती. साडेआठ किलो पाठीवर घेऊन बाहेर पडलो तेव्हा गल्ली अंधारी होती. समोरच्या घरात दिवा होता, आणि काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.