गिरडची टेकडी आणि आदराची मर्यादा

पूर्वी हिंगणघाट तहसिलीत असलेले आणि आज समुद्रपूर तालुक्यात मोडणारे गिरड हे गाव शेख फरीद बाबांच्या टेकडीवरील दर्ग्यामुळे विदर्भात प्रसिद्ध असून, तेथे मुसलमानांच्या बरोबरीने हिंदूही श्रद्धेने जातात. या टेकडीवर सापडणाऱ्या लहान गोलसर दगडांची एक कथा पूर्वापार सांगितली जाते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. मात्र त्यांनी क्षमा मागताच बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला आणि ते दोघे कायमचे त्यांचे सेवक झाले. भूशास्त्राच्या दृष्टीने हे दगड झिओलाइट गटातील खनिजांचे आहेत. लाव्हारस थिजताना खडकात राहिलेल्या पोकळ्यांत, झिरपणाऱ्या पाण्यातील द्रव्ये साचून ही खनिजे तयार होतात.

एकाच दगडाविषयीची ही दोन विधाने शेजारी ठेवली की दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणे बंधनकारक आहे काय, हा प्रश्न नेमका होतो. हिंगणघाटच्या एखाद्या वर्गात भूगोलाच्या शिक्षकाने दुसरे विधान स्पष्टपणे शिकवले, तर त्यात भाविकाचा अवमान नाही, कारण एखादी समजूत खरी मानण्याचे ऋण कोणावरही नसते. परंतु त्याच शिक्षकाने टेकडीवर जाऊन चादर चढवणाऱ्या बाईची सर्वांदेखत खिल्ली उडवली, तर विधान तेच राहूनही कृती अन्यायाची होते, कारण तेथे आघात मतावर न होता माणसावर होतो. आदर माणसाला आणि त्याच्या सद्सद्विवेकस्वातंत्र्याला, अर्थात स्वतःच्या अंतःकरणाला पटेल ते मानण्याच्या अधिकाराला, देय आहे; संविधानाच्या अनुच्छेद 25 ने हाच अधिकार सर्वांना दिला असून, श्रद्धा न ठेवणाराही त्यात येतो.

श्रद्धा न ठेवणाऱ्याच्या या बाजूचे उदाहरण याच वर्धा जिल्ह्यात घडले. आंध्रातील निरीश्वरवादी गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच ‘गोरा’, 1940 च्या दशकात सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात आले, तेव्हा प्रार्थनेवर जगणाऱ्या गांधीजींनी त्यांच्या नास्तिकतेला चूक ठरवण्याचे नाकारले. गोरांच्या कन्येचा एका दलित तरुणाशी विवाह आश्रमात ठरला, तेव्हा विधीतून ईश्वराचा उल्लेख वगळून सत्याचे नाव घेण्यासही गांधीजींनी मान्यता दिली, आणि त्यांच्या हत्येनंतर मार्च 1948 मध्ये तो विवाह सेवाग्रामलाच पार पडला. गांधीजींनी आपली श्रद्धा सोडली नाही आणि गोरांनी आपले मत झाकले नाही; तरी दोघांचाही मान राहिला.

मात्र श्रद्धेमुळे तिसऱ्याच्या जिवावर बेतते, तेथे आदराची सबब चालू शकत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले आहे, आणि कापसाच्या शेतात राबणाऱ्या या मुलखात त्या कलमाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून मताची निर्भय चिकित्सा करणे, माणसाची अप्रतिष्ठा टाळणे आणि इजा होत असेल तेथे आड येणे, ही तिन्ही कर्तव्ये एकत्र पाळावी लागतात. त्यांतील एक जरी सुटले, तरी आदराच्या नावाखाली कधी भीती, तर कधी तुच्छता पोसली जाते.