रक्त थांबलं, त्यानंतर

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लिव्हर सिरॉसिस म्हटलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात, आणि बाईमाणूस असेल तर तोंडानं नाही, नजरेनं विचारतात. आईंना मधुमेह होता, वजन जास्त होतं आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ असं बरीच वर्षं छापून येत होतं. तसं ते आता दर दुसऱ्या घरातल्या रिपोर्टवर येतं. साचलेल्या चरबीमुळे काहींचं यकृत सुजतं, सुजेच्या जागी व्रण धरतात आणि वर्षानुवर्षांनी ते टणक, गाठाळ होतं. मग आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. दाब वाढतो आणि ते रक्त आडवाटेनं, अन्ननलिकेच्या बारीक शिरांमधून जाऊ लागतं. त्या शिरा फुगत जातात. त्या दुखत नाहीत, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही.

आईंची शीर रात्री फुटली. आदल्या दिवसापासून त्यांना काळी शी होत होती आणि लोहाच्या गोळ्यांमुळे तसं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. गोळ्यांनी शी काळपट होते हे खरं. पण ही डांबरासारखी चिकट आणि चकाकणारी होती, तिला उग्र कुजका वास होता. न्हाणीघरात पाणी ओतलं की ते पाणी तांबडं होऊन वाहायचं. मध्यरात्रीनंतर त्यांना उलटी झाली. तांब्याभर रक्त, गुठळ्यांसकट. ह्यांनी १०८ ला फोन लावला, मी आईंना कुशीवर वळवून त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले. “अगं, एवढं रक्त माझ्यात होतं कुठं,” असं त्या दोनदा म्हणाल्या.

दवाखान्यात दोन्ही हातांना सुया लागल्या. शिरांमधला दाब उतरवणारं औषध ड्रिपमधून सुरू झालं आणि त्याच्या पाठोपाठ सिस्टरनं आणखी एक छोटी बाटली लावली. मी विचारलं, हे कशाचं? त्या म्हणाल्या, अँटिबायोटिक. मला काही उलगडा होईना. ताप नाही, खोकला नाही, जखम नाही, रक्ताची उलटी झालेल्या माणसाला अँटिबायोटिक कशासाठी?

हा प्रश्न मी सकाळी डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी राउंड थांबवून उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. धडधाकट माणसात ते आतच राहतात आणि थोडे निसटलेच तर यकृत त्यांना गाळून मारतं. सिरॉसिसमध्ये आतड्याचं अस्तर झिरपतं आणि गाळणाराच निकामी झालेला असतो. त्यात रक्तस्राव झाला की माणूस आणखी अशक्त होतो, आतड्याचा रक्तपुरवठा डगमगतो, जंतूंना दारं उघडी मिळतात. यकृताच्या रुग्णाला असा रक्तस्राव झाला की साधारण पाचांतल्या एकाला दाखल होताना किंवा पहिल्या दोन दिवसांतच संसर्ग सापडतो. उलट बाजूनंही तेच. संसर्गानं शिरांमधला दाब वाढतो, रक्त गोठण्याचं काम बिघडतं आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून संसर्ग दिसायची वाट न पाहता पहिल्या तासांतच ते औषध देतात, आणि त्यानं रुग्ण वाचतात हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे.

त्याच सकाळी दुर्बीण तोंडातून घालून फुगलेल्या शिरांवर रबराच्या बारीक रिंगा बसवल्या. त्याला बँडिंग म्हणतात. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. गुलाबी अस्तराखाली निळसर, वळ्या वळ्यांच्या शिरा, आणि एकीवर लहानसा लाल ठिपका. तेवढ्यातून ते सगळं रक्त आलं होतं.

बाहेर मात्र वेगळीच धावपळ चालली होती. धाकटे भाऊजी तालमीतली पोरं घेऊन रक्तपेढीत जाऊन बसले होते. पाहिजे तेवढं रक्त काढा, पण आईला भरपूर चढवा, असं प्रत्येकाचं म्हणणं. डॉक्टरांनी मोजकंच चढवलं. हिमोग्लोबिन सात-आठच्या दरम्यान आलं की थांबले. भाऊजी चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजत होतं. रक्त गेलंय तर रक्त भरा, हा कुणाचाही साधा हिशेब. पण नळीत पाणी जास्त सोडलं की गळकी जागा पुन्हा उघडते, तसा जास्त रक्तानं त्या शिरांमधला दाब वाढतो. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी पोटातला रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांवर हे तपासून २०१३ साली प्रसिद्ध केलं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच ज्यांना रक्त दिलं, त्यांच्यापैकी ९५ टक्के दीड महिन्यानंतर जिवंत होते. नऊच्या खाली गेल्याबरोबर ज्यांना दिलं, त्यांच्यातले ९१ टक्के. भाऊजींच्या पोरांचं रक्त वाया गेलं नाही, ते इतरांच्या कामी आलं.

रक्त थांबलं. आई घरी आल्या. रिंगा आठ-दहा दिवसांत आपोआप गळून पडतात आणि त्यांच्या जागी छोटे व्रण राहतात, त्यांतूनही रक्त येऊ शकतं. म्हणून पेज, गुरगुट्या भात, मुगाचं वरण. भाकरी बंद. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या बाईला हे फार जड गेलं. शेजारच्या ताटातली भाकरी त्या डोळ्यांनी खायच्या. नातेवाईक येत होते, फळं आणत होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता: “परत रक्त नाही ना पडलं?” नाही म्हटलं की निःश्वास सोडून चहा घेत.

आमचंही सगळं लक्ष तिकडेच होतं. रोज शीचा रंग पाहायचा, थुंकी पाहायची. रक्ताचा थेंब दिसत नव्हता. पोट मात्र फुगत होतं, त्यात पाणी धरलं होतं, आणि डॉक्टरांनी ते होईल म्हणून सांगितलेलंही होतं. मीठ कमी केलं, लघवी वाढवायच्या गोळ्या चालू होत्या. मग एका संध्याकाळी आईंनी नातीला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली. तशी चूक कुणाचीही होते. दुसऱ्या दिवशी त्या धुतलेलं लुगडं घडी घालायला बसल्या आणि घडी जमेना. काठ शोधायच्या, सोडायच्या, पुन्हा शोधायच्या. पन्नास वर्षं रोज ज्या बोटांनी ती घडी घातली, ती बोटं काठावरून नुसती फिरत राहिली. ताप नव्हता. पोट थोडं दुखतंय म्हणाल्या, तेही विचारल्यावर. दिवसभरात लघवीला एकदाच गेल्या. वन्सं म्हणाल्या, थकल्यात, झोपू द्या. वय झालंय.

मला ते लुगडं काही केल्या पटेना. ह्यांना म्हटलं, गाडी काढा.

डॉक्टरांनी आईंना दोन्ही हात पुढे ताठ धरून पंजे वर करायला लावले. पंजे धरले की निसटत, धरले की निसटत. यकृत विष गाळू शकत नाही तेव्हा मेंदूवर झापड येते, त्याची ती खूण. आणि अशी झापड अचानक आली की मागे बहुधा संसर्ग, पुन्हा रक्तस्राव किंवा बद्धकोष्ठ असतं. रक्तस्राव नव्हता. पोट साफ होत होतं. डॉक्टर म्हणाले, पोटातलं पाणी आत्ता, लगेच तपासायचं.

इथे आमचं घर अडलं. वन्संनी साफ नकार दिला. पोटातलं पाणी काढलं की माणूस राहत नाही, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. भाऊजींच्या डोळ्यांपुढे ती रक्ताची रात्र होती. रिपोर्टमध्ये प्लेटलेट बावन्न हजार आणि रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला. “आत्ता कुठं रक्त थांबलंय, डॉक्टर, आणि तुम्ही पोटात सुई घालणार?” असं ते जवळजवळ ओरडून म्हणाले. त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मला कळलं की आम्ही सगळे अजून जुन्याच संकटाशी लढत होतो. रक्त आम्ही पाहिलं होतं, म्हणून भीती त्याचीच. जे आत चाललं होतं त्याला रंग नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. तपासणीला लागतं वीस-तीस मिलिलिटर पाणी. सुई बारीक, डाव्या बाजूला खाली, सोनोग्राफीत बघून घालायची. या आजारात रक्त गोठवणारी द्रव्यं कमी होतात तशी गोठू न देणारीही कमी होतात, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा दिसतो तेवढा धोका नसतो. अशा सुईनं गंभीर रक्तस्राव होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी. आणि उशिराचा हिशेब? अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात, ज्यांचं पाणी दाखल झाल्यापासून बारा तासांच्या आत तपासलं गेलं नाही, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त आढळला होता. पाणी काढल्यावर माणूस जातो ही समजूत कुठून आली असेल, तेही मला तेव्हा कळलं. शेवटच्या अवस्थेतल्या माणसाचंच पाणी काढलं जायचं, कधी भराभर आणि भरपूर काढलं जायचं, आणि दोष सुईला लागायचा.

ह्यांनी सही केली.

पाणी फिकट पिवळं असायला हवं, ते गढूळ निघालं. डॉक्टरांनी खाटेपाशीच त्यातलं थोडं कल्चरच्या बाटल्यांमध्ये भरलं, म्हणजे जंतू सापडण्याची शक्यता वाढते. तासाभरात पेशींची मोजणी आली. दर घन मिलिमीटरला जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी २५० च्या वर असल्या की संसर्ग धरतात. आईंच्या अकराशे होत्या. आतड्याला भोक नाही, जखम नाही, तरी पोटातल्या पाण्यात जंतू. आधीचं अँटिबायोटिक नुकतंच होऊन गेलं होतं, म्हणून वेगळं, जास्त ताकदीचं सुरू केलं.

त्याबरोबर अल्ब्युमिन. माणसाच्या रक्तद्रवातून काढलेलं, मधासारख्या रंगाचं, एका बाटलीला काही हजार रुपये पडणारं. किलोमागे दीड ग्रॅम पहिल्या दिवशी, एक ग्रॅम तिसऱ्या दिवशी. आईंना पहिल्या दिवशी चार बाटल्या लागल्या, तिसऱ्या दिवशी तीन. पैसे पतसंस्थेतून उचलले. एवढं महाग कशाला, असं एका नातेवाइकानं विचारलं, त्यांना मी १९९९ चा स्पेनमधला अभ्यास सांगितला. नुसत्या अँटिबायोटिकवर दवाखान्यात २९ टक्के रुग्ण दगावले, अल्ब्युमिन जोडल्यावर १० टक्के. ते मुख्यतः मूत्रपिंडं वाचवतं. संसर्ग आटोक्यात येतो, पण तोवर मूत्रपिंडं बसलेली असतात, आणि माणूस त्यानं जातो.

दोन दिवसांनी पुन्हा सुई घालून पाणी तपासलं, पेशी एक चतुर्थांशावर आल्या होत्या. लघवी सुटली. तिसऱ्या सकाळी सिस्टर हातातली सुई बदलत होत्या. जुन्या सुईची जागा लाल झाली होती, दाबलं की दुखत होती, म्हणून त्यांनी ती न विचारता काढून टाकली. अशा रुग्णाला एवढीशी लाल जागाही परवडत नाही, असं त्या म्हणाल्या. आई डोळे उघडून म्हणाल्या, “हळू गं बाई.” मग माझ्याकडे बघून, माझ्या नावानं हाक मारून, चहा मागितला.

आज आई घरी आहेत. दाब उतरवायची गोळी, रोज दोन-तीनदा पोट साफ होईल एवढं पातळ औषध आणि संसर्ग परत होऊ नये म्हणून रोज एक अँटिबायोटिक. हा संसर्ग एकदा झाला की औषधाशिवाय वर्षभरात दहांपैकी जवळजवळ सात जणांना तो परत गाठतो, म्हणून ती गोळी चुकवायची नाही. दुखलं तर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा ब्रूफेन आणायचं नाही, त्यानं रक्तस्रावही होतो आणि मूत्रपिंडंही जातात. ठरलेल्या वेळी दुर्बिणीची तपासणी. वय आणि मधुमेह पाहून यकृत बदलण्याचं डॉक्टरांनी सुचवलेलं नाही, आणि आजार बरा झालेला नाही, हे आम्हाला माहीत आहे.

तुमच्या घरी यकृताचा रुग्ण असेल तर रक्त पडत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तो गप्प झाला, झोपाळू झाला, नावं चुकायला लागला, लघवी कमी झाली, पोट दुखू लागलं, तर ताप येण्याची किंवा सकाळ होण्याची वाट पाहू नका, दवाखाना गाठा. आणि डॉक्टर पोटातलं पाणी तपासायचं म्हणाले, तर कॉरिडॉरमध्ये बैठक न बसवता कागदावर सही करा.