पुन्हा सांगा

ऑडिओग्रामच्या कागदावरची रेघ डावीकडून बरी चालत येते आणि २००० हर्ट्झच्या पुढं एकदम खाली घसरते. कानाच्या डॉक्टरांनी ती मला पेनाच्या टोकानं दाखवली. स्वर ऐकू येतील, म्हणाले, व्यंजनं निसटतील. स, फ, त, क आधी जातील. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज जड जातील. वयाच्या मानानं यात विशेष काही नाही.

इचलकरंजीतल्या एका लहानशा समुपदेशन केंद्रात गेली चोवीस वर्षं मी रोज पाच-सहा माणसांचं ऐकते. निम्म्याहून जास्त बायका असतात आणि वाक्य संपत आलं की त्यांचा आवाज खाली जातो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. झालं की व्हायचंय, हवं की नको, सगळं त्या शेवटच्या पुटपुटलेल्या शब्दात असतं. तो शब्द मला ऐकू येईनासा झाला होता आणि वर्षभर मी ते कुणाला सांगितलं नाही. मान हलवत राहिले, 'हं' म्हणत राहिले. त्या 'हं'चा मला फार अभिमान होता. 'बाई न बोललेलंही ऐकतात' असं कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं आणि त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली. न बोललेलं ऐकणाऱ्या बाईला बोललेलं ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

एक बाई यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताची कांडी भरायला जायची. तिची ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे, वाक्य मात्र तिचंच ठेवलं आहे. तिसऱ्या भेटीत निघता निघता, पदर सारखा करत, ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं, "आता राबावंसं वाटत नाही." मी म्हटलं, "फार थकलाय तुम्ही." ती जरा थांबली आणि "हो" म्हणून गेली. वहीत मी 'थकवा' असं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मला ताप होता, म्हणून आमच्याकडची नवी मुलगी तिच्यासमोर बसली. तिनं तिच्या पद्धतीप्रमाणे नऊ प्रश्नांचा फॉर्म वाचून दाखवला. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असं मनात येतं का, हा. बाई म्हणाली, "येतं. मोठ्या बाईंना सांगितलंय की मागच्या वेळी."

राहावंसं. राबावंसं नव्हे.

त्या मुलीनं पुढचं सगळं नीट केलं. कसं करायचं ठरवलंय का, हे सरळ विचारलं. बाईला एकटं सोडलं नाही, तिच्या संमतीनं नणंदेला बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी दोघींबरोबर कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. बाई आता गोळ्या घेते, आमच्याकडे येते, कामावरही जाते. माझ्या वहीत त्या तारखेला 'थकवा' हाच शब्द आहे. मी तो खोडलेला नाही.

या फॉर्मला मी तोवर नावं ठेवत आले होते. माणूस रडत असताना 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस' असं विचारून वर आकडा मांडायचा, सत्तावीसपैकी सतरा, हे मला गणिताच्या पेपरासारखं वाटायचं. मी कार्ल रॉजर्सच्या वाटेची. त्यांनी १९५७ साली लिहिलं की समोरच्याला आतून समजून घेणं, त्याला विनाअट आपलं मानणं आणि स्वतः खरं असणं, एवढं जमलं आणि ते समोरच्यापर्यंत पोहोचलं की माणूस आपणहून बदलू लागतो. यावर माझी श्रद्धा होती, अजून आहे. पण मी वर्षभर ऐकू आल्याचं सोंग करत होते. त्या तीन अटींतली तिसरी मी रोज मोडत होते आणि दुसऱ्यांच्या फॉर्मवर टीका करत होते.

तरी मी तो दिवस फक्त कानावर ढकलत नाही. समजा, मला 'राहावंसं वाटत नाही' असं स्वच्छ ऐकू आलं असतं. कुठं राहावंसं? या घरात, या गावात, की जगातच? आणि 'वाटत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? या 'वाटतं'नं मला पहिल्या दिवसापासून छळलं आहे. 'मला वाटतं पाऊस येईल' हा अंदाज. 'मला वाईट वाटतं' ही भावना. 'मला वाटतं त्यानं मला फसवलं' यात निष्कर्ष आहे आणि त्याच्या पोटात अपमान, भीती, सूड असं बरंच कोंबलेलं आहे. इंग्रजीत या कामांना दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि आम्ही शिकलो ती सगळी पुस्तकं त्या दोन क्रियापदांवर उभी आहेत. विचार वेगळा काढा, भावना वेगळी काढा, मग काम सुरू करा. मी विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" समोरून उत्तर येतं, "मला वाटतं सासूनं असं बोलाय नको होतं." मला भावना हवी होती, मिळाला न्यायनिवाडा. यात तिची चूक नाही. मी प्रश्नच तसा विचारला.

मग मी दुसरे प्रश्न शोधत बसले. "मनात काय येतं?" म्हटलं की माणसं बिचकतात, कबुलीजबाब मागितल्यासारखं होतं. "आत काय होतंय?" म्हटलं की पोटाचं दुखणं सांगतात. "टेन्शन आलंय" हे उत्तर तर सगळं गिळून बसलेलं आहे. भीती, शरम, कर्ज, नवऱ्याचा संशय, पोरीचं लग्न, सगळ्याला टेन्शन. अनेक वर्षं मी या शब्दावर चिडत असे. त्यापेक्षा मला 'कसंतरी होतंय', 'पोटात कालवतंय', 'छातीवर दगड ठेवल्यागत होतंय' ही वाक्यं मोलाची वाटतात. रॉजर्सबरोबर शिकागोला काम केलेल्या युजीन जेंडलिन यांनी समुपदेशनाच्या ध्वनिफिती ऐकून एक गोष्ट हेरली होती. ज्यांना गुण येतो ती माणसं घडाघडा बोलत नाहीत, ती अडखळतात. शरीरात काहीतरी अस्पष्ट जाणवत असतं, त्याला शब्द शोधतात, 'नाही, तसं नाही' म्हणत परत मागं येतात. त्यांचं 'फोकसिंग' हे पुस्तक १९७८चं. ते वाचताना मला आमच्या गल्लीतला 'कसंतरी' आठवत राहिला. कसंतरी होणारा माणूस कोऱ्या पाटीचा नसतो, तो शब्दाच्या दारात उभा असतो.

प्रशिक्षणात आम्हाला १९६५चा तो प्रसिद्ध माहितीपट दाखवला होता. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित तरुणी आणि तिच्यापुढं एकापाठोपाठ बसलेले तीन दिग्गज : रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स, अल्बर्ट एलिस. मुलीशी खोटं बोलले, आता काय करू, असं ती रॉजर्सना विचारते. तिला सरळ उत्तर हवं असतं, ते देत नाहीत आणि तरी तिला सोडतही नाहीत. पर्ल्स तिला डिवचतात. एलिस भराभर समजावत सुटतात. वर्गातले आम्ही सगळे रॉजर्सच्या बाजूचे झालो आणि मी तर एलिसना मनातून बादच करून टाकलं. इतकं बोलणारा माणूस ऐकणार कधी, असं मला वाटलं होतं.

एलिस यांचा मुद्दा मला पटायला आमच्याकडची ती नवी मुलगी यावी लागली. कि. मो. फडक्यांनी एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत रुजवला, तो ती मन लावून वाचून आली होती. घटनेनं राग येत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या आग्रहानं येतो, हे ती माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरला समजावत होती. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण ताई, मला राग येतो. मी आणत नाही. येतो." ती बाहेर येऊन माझ्याजवळ रडवेली झाली. मला मात्र त्याचं म्हणणं भाषेतूनच बरोबर वाटलं. आपल्याकडे राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो. दुःख होतं. भीती वाटते. यातलं काहीच 'मी' करत नाही, सगळं 'मला' घडतं. एलिस म्हणतात तू स्वतःला राग आणतोस, आणि मराठीत हे वाक्य उभंच राहत नाही.

मग आम्ही दोघी चहा घेत बसलो आणि ती म्हणाली, "मॅडम, राग येतो, पण राग धरतो कोण?" मी तिच्याकडे बघतच राहिले. राग येतो, पण धरायचा आपण, गिळायचा आपण, काढायचा आपण. टेन्शन येतं, पण घेतोही आपणच. धसका घेतो, मनाला लावून घेतो, मनावर घेतो. एलिस यांना जे म्हणायचं होतं ते सगळं आपल्या 'धरणं' आणि 'घेणं' या दोन क्रियापदांत बसलेलं होतं. चोवीस वर्षं मी हे शब्द दिवसातून शंभरदा ऐकले होते. ते मला दिसले नाहीत, वीस महिन्यांच्या अनुभवाच्या मुलीला दिसले. त्या क्षणी मला आनंद झाला, असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. त्या रात्री मला तिचा हेवा वाटला, चांगलाच वाटला.

दुसऱ्या दिवशी तिनं जॉबरला एवढंच विचारलं, "आल्यावर किती वेळ धरून ठेवता?" तो म्हणाला, "रातभर." आणि तिथून बोलायला लागला.

आमच्या कामाचं नावच अवघड आहे. 'समुपदेशन' या शब्दात उपदेश बसलेला आहे आणि माणसं तोच मागायला येतात. मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली मांडलं होतं की आपल्याकडच्या माणसाला अलिप्त डॉक्टर परका वाटतो, त्याच्या ओळखीचं नातं गुरू-चेल्याचं आहे. त्यात तथ्य आहे. मी 'बाई' आहे, 'ताई' आहे, नुसती सही करणारी नाही. पण याचा आधार घेऊन जो उपदेशाचा बाजार उघडलाय, त्याचा मला संताप येतो. शनिवार-रविवार दोन दिवसांचा कोर्स, भिंतीवर प्रमाणपत्र, आणि सोमवारपासून हा माणूस लोकांचे संसार जुळवायला बसतो. नवऱ्यानं मारलेल्या बाईला तो 'तुम्हीही थोडं समजून घ्या' म्हणतो. माझ्याकडे अशा बाया येतात तेव्हा पहिल्या दोन भेटी त्या उपदेशाचं विष काढण्यात जातात. व्यासपीठावरून सकारात्मक विचार वाटणाऱ्यांचंही तेच. हॉलमध्ये टाळ्या वाजतात, पण घरी गेल्यावर ज्याला उठवत नाही त्याला वाटतं, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. देणगीदारांनीही आता सहा भेटींत केस बंद करा असं सांगायला सुरुवात केली आहे. सहा भेटींत काहींचं होतं, मी नाकारत नाही. कांडीवाल्या बाईनं तिसऱ्या भेटीत, तेही उभं राहून, दाराशी तोंड उघडलं होतं.

कानाचं मशीन घेतलं. त्यानं आवाज वाढतो, पंख्याचाही वाढतो, खाली गल्लीतल्या मागांचाही. म्हणून आता पहिल्याच भेटीत सांगते, "मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मी मधेमधे पुन्हा विचारीन. राग मानू नका." हे बोलायला लागले तेव्हा वाटलं होतं, माणसं उठून जातील. कुणी गेलं नाही. उलट एक वेगळीच गोष्ट घडू लागली. मी म्हणते, "पुन्हा सांगा," आणि माणूस दुसऱ्यांदा तेच वाक्य बोलतच नाही. पहिल्यांदा 'टेन्शन आलंय' असतं, दुसऱ्यांदा 'भ्या वाटतंय' होतं. पहिल्यांदा 'पोरगं ऐकत नाही', दुसऱ्यांदा 'पोरगं माझ्याशी बोलत नाही'. दुसऱ्यांदा सांगताना आवाज वाढवावा लागतो, आणि मोठ्यानं बोलायचं तर माणूस शब्द निवडून घेतो.

याचा मला मोह पडला. स्पष्ट ऐकू आलेलंही मी पुन्हा विचारू लागले. ती मुलगी एकदा खोलीत बसली होती, नंतर म्हणाली, "मॅडम, ते तुम्हाला ऐकू आलं होतं ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग हे खोटं नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. आधी ऐकू न येताही आल्याचं दाखवत होते, आता येऊनही न आल्याचं. मी तिला शब्द दिला की जे ऐकू आलं ते पुन्हा विचारणार नाही. तीन महिने पाळला.

गेल्या मंगळवारी एक जुने मागवाले आले. चाळीस वर्षं शेडमध्ये काढलेली. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वरचा, त्यांचे दोन्ही कान माझ्यापेक्षा वाईट. साधे माग मुलानं भंगारात घातले आणि शेड भाड्यानं दिलं. आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या, आणि एकमेकांच्या ओठांकडे बघत मोठमोठ्यानं बोलू लागलो. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल म्हणून त्या मुलीनं त्यांना खाली चहाला नेलं.

मी "काय वाटतं?" विचारलं नाही. "आता घरात कसं होतं?" असं विचारलं.

"कान वाजतात," ते म्हणाले. "माग गेले. कानात चालूच हाईत."

माझाही डावा कान वाजतो. मी त्यांना ते सांगितलं. मी असं कुणाला सांगत नाही, आमच्या कामात ते बसत नाही, पण सांगितलं. त्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं.

"कधी जास्त वाजतात?" मी विचारलं.

"मंडळी निजल्यावर," ते म्हणाले. मग मान खाली घालून, अगदी हळू, "मग वाटतं, उठून मेन बंद करावं."

मला प्रत्येक अक्षर नीट ऐकू आलं होतं. त्यांच्या हातावर हात ठेवून मी म्हटलं, "पुन्हा सांगा."