वाद्यें घेऊन सातासमुद्रापार

परदेशच्या संगीतोत्सवांत आपल्या मुलांनीं नांव मिळविलें, हें आपण कौतुकानें वाचतों. परंतु त्या रंगमंचापर्यंत पोंचण्यास काय पडतें, हें घरांतलेंच मूल गेल्याखेरीज कळत नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू गिटार वाजवितो. गेल्या उन्हाळ्यांत तो आपल्या चार सोबत्यांसह जर्मनींतील एका लहानशा उत्सवास जाऊन आला.

पूर्वीं समुद्रोल्लंघनास धर्मशास्त्र आड येई; आतां व्हिसा आड येतो. शेंगेन देशांत १८० दिवसांपैकीं ९० दिवसच राहतां येतें, आणि ब्रिटनसाठीं निराळा व्हिसा लागतो. वाद्यांचा मोठा सरंजाम न्यावयाचा तर त्यासही ‘कार्ने’ नांवाचें एक प्रकारचें पारपत्र काढतात. हा माल विक्रीचा नसून परत जावयाचा आहे, अशी त्यायोगें जकातवाल्यांची खात्री पटते. मुलांजवळ वाद्यें थोडीं, म्हणून ही यातायात टळली; परंतु विमानाचें भाडें पदरचेंच.

एवढें करून वाजवावयाचें किती? पाऊण तास! पहिल्या मंडळीचें सामान उतरतें न उतरतें तोंच दुसरी मंडळी चढते. तालवाद्यांचा संच बहुधा सर्वांस मिळून एकच. तंबोरा लावण्यांत अर्धा तास सुखानें घालविणाऱ्या आमच्या पिढीस हें नवलच. तिकडे ऑगस्टच्या आरंभीं सूर्य रात्रीं नऊच्या सुमारास मावळतो. “मग सायंकाळचा राग केव्हां आळवावा रे?” असें मीं फोनवर विचारलें. तो म्हणाला, “अण्णाआजोबा, आम्हांला दुपारीं दोनची वेळ दिली आहे. त्या वेळीं जें येतें तेंच वाजवावयाचें!”

अशा उत्सवांत वाकेन येथील फार मोठा. सुमारें दोन हजार वस्तीच्या त्या खेड्यांत १९९० पासून ‘हेवी मेटल’ या कर्णकठोर संगीताचा मेळा भरतो. २०१९ सालीं दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ मंडळीनें तेथें ढोल वाजविला. २०२३ सालीं इतका पाऊस झाला कीं चिखलामुळें हजारों रसिकांस प्रवेश नाकारावा लागला. आषाढी वारींतला चिखल ज्यानें तुडविला आहे, त्यास त्या लोकांचा तंबूंतला मुक्काम वेड्यांचा वाटणार नाहीं.

आमच्या मुलावर मात्र निराळाच प्रसंग ओढवला. विमान पोंचलें, पण गिटारीची पेटी पोंचली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वाजवावयाचें! तेव्हां पोलंडच्या एका अनोळखी वादकानें आपली गिटार काढून त्याच्या हातीं दिली. भाषा दोघांची जेमतेम जुळत होती. वादन होईपर्यंत तो गृहस्थ मंचाच्या कडेला उभा होता, आणि नंतर त्यानेंच याला जेवावयास नेलें.

यंदां पुन्हां बोलावणें आलें आहे. दादांचें म्हणणें, नोकरीची रजा आणि घरचा पैसा दोन्हीं अशा हौसेवर किती खर्चावीं? प्रश्न खोटा नाहीं. एकत्र कुटुंबांत एकाची हौस दहांच्या ताटांतून निघते. म्हणून मीं सुचविलें आहे कीं निम्मा खर्च मुलानें शिकवण्या करून उभारावा व निम्मा घरानें द्यावा. वाचकहो, ज्या विद्येच्या बळावर परमुलखांतला अनोळखी मनुष्य आपलें वाद्य विश्वासानें हातीं देतो, तिला नुसती हौस म्हणण्यास माझें मन धजत नाहीं.

दादांनीं विचारास आठ दिवस मागितले आहेत. मुलानें मात्र तीन शिकवण्या आजच धरल्या!